मोटर बदलण्याआधी तळ पाहा : १९१४ च्या फ्रेंच उडत्या होडीविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मोनाकोला १९१४ च्या श्नाइडर शर्यतीत, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या विमानांच्या शर्यतीत, उतरलेल्या ‘एफबीए’ या फ्रेंच उडत्या होडीचं (होडीचंच धड असलेल्या विमानाचं) तुम्ही १/६ मापाचं रेडिओ कंट्रोल मॉडेल बांधलंय. वजन ५.२ किलो, मोटरचा जागेवरचा जोर ३ किलो. पाण्यावर ते धावतं, वेग घेतं, आणि मग नाक वरखाली आपटत उड्या मारायला लागतं. पाणी काही सोडत नाही. मित्र म्हणतात मोठी मोटर बसव, आणि तुम्ही विचारताय की कोणती. त्यालाच जोडून तुम्ही आणखी विचारलंय, की मुळातलं विमानही शर्यतीत बरंच मागे पडलं होतं, मग त्याचं डिझाइनच फसलेलं होतं का?

मी कोकणात होड्या बांधतो. आधी लाकडाच्या बांधायचो, आता बहुतेक फायबरच्या. बावीस वर्षं पाण्यावरून उडणारी मॉडेलंही करतोय. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची मोटर पुरेशी आहे. अडचण तळात आहे. तुमचे दोन्ही प्रश्नही एकाच ठिकाणी येऊन मिळतात. हे यंत्र आधी होडी आहे आणि नंतर विमान, ही गोष्ट विसरली की त्याचं काहीच उलगडत नाही.

एक आधीच कबूल करतो. तुमचं मॉडेल मी हातात घेतलेलं नाही. सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य, नेमका कुठे आहे, तळाच्या कडा कशा आहेत, त्या दिवशी वारा किती होता, यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून एकच उपाय न सांगता मी कोणत्या क्रमाने शोध घेईन ते लिहितो.

आधी मूळ यंत्राकडे येऊ. आंरी फाब्र यांनी २८ मार्च १९१० रोजी दक्षिण फ्रान्समधल्या बेर खाडीवरून ५० अश्वशक्तीच्या नोम इंजिनावर पहिलं उड्डाण केलं, तेव्हा पाण्यावरून विमान उठू शकतं हे सिद्ध झालं. पण ते तराफ्यासारख्या तरंगत्या फ्लोटांवर बसलेलं यंत्र होतं. विमानाचं धडच होडीचं करायचं, ही वाट फ्रान्समध्ये फ्राँस्वा दनो यांनी धरली. १९१२ ची दोने-लेव्हेक ही उडती होडी त्यांच्या डिझाइनची. एफबीए म्हणजे फ्रँको-ब्रिटिश एव्हिएशन. लुई श्रेक यांनी १९१३ मध्ये ही कंपनी उभी केली. कारखाना पॅरिसजवळ सेन नदीकाठी आर्जांतय इथे, आणि यंत्र याच दोने-लेव्हेकच्या घराण्यातलं. लाकडी होडी, तिच्यावर एकावर एक दोन पंखांची मांडणी, दोन पंखांच्या मधोमध उंचावर इंजिन आणि प्रॉपेलर मागच्या बाजूला, म्हणजे ढकलणारा.

२० एप्रिल १९१४ रोजी मोनाकोच्या उपसागरात १० किलोमीटरच्या २८ फेऱ्या मारायच्या होत्या. पहिल्या फेरीत दोनदा पाण्याला टेकायचं, हाही नियम होता. एफबीए चालवत होते एर्नेस्ट बुरी. यंत्र फ्रेंच, पण बुरी स्वित्झर्लंडकडून उतरले होते. जिंकलं ते इंग्लंडचं सॉपविथ टॅब्लॉइड. हॉवर्ड पिक्स्टन यांनी २८ फेऱ्या साधारण दोन तासांत पुऱ्या केल्या, ताशी सुमारे १४० किलोमीटरच्या सरासरीने. बुरी बरेच मागे होते, आणि तेविसाव्या फेरीनंतर त्यांना इंधनासाठी पाण्यावर उतरावं लागलं. उतरून, इंधन भरून, ते पुन्हा उठले आणि शर्यत पुरी केली. पिक्स्टनखेरीज शर्यत पुरी करणारे ते एकटेच. फ्रेंचांची नियूपोर्ट विमानं १६० अश्वशक्तीची होती, पण त्यांच्या दुहेरी रांगेच्या नोम इंजिनातले मागच्या रांगेचे सिलिंडर तापले आणि ती बाद झाली.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की टॅब्लॉइड आणि एफबीए दोघांनाही नोम मोनोसुपाप हे १०० अश्वशक्तीचं इंजिनच होतं. इंजिन सारखं असूनही वेगात एवढा फरक. तो आला कुठून? टॅब्लॉइड हे मूळचं जमिनीवरून उडणारं छोटं विमान. पंखांचा पसारा जेमतेम पावणेआठ मीटर. त्याला खालून फ्लोट जोडले. आधी मधोमध एकच फ्लोट लावला होता, तेव्हा ते इंग्लंडमधल्या हॅम्बलला चाचणीत उलटलं. मग वेळ हाताशी नसल्यामुळे तोच फ्लोट उभा करवतीने चिरला आणि त्याचे दोन केले. म्हणजे हवेत जायचं यंत्र आधी चांगलं होतं, पाण्याची सोय मागाहून लावली. एफबीएचं नेमकं उलट. तिथे होडी आधी आली. रुंद तळ, लांब पंख, ते धरायला खांब आणि तारांचं जाळं, आणि इंजिन उंचावर टांगण्यासाठी वेगळा सांगाडा. हवेत हे सगळं ओढत न्यायचं म्हणजे वेग जाणारच.

पण याला मी फसलेलं डिझाइन म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर मला ते मनापासून खटकतं. जाक श्नाइडर यांनी ५ डिसेंबर १९१२ रोजी हा चषक जाहीर केला तो समुद्रावर खरोखर उपयोगी पडतील अशी विमानं निघावीत म्हणून. भर शर्यतीत उघड्या पाण्यावर उतरायचं, इंधन घ्यायचं आणि पुन्हा उठायचं, हे बुरींच्या यंत्राने करून दाखवलं. पुढच्या महायुद्धात याच घराण्यातल्या एफबीए होड्या मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या, फ्रान्समध्ये आणि इटलीतही. शर्यतीतही उडती होडी लगेच मागे पडली नाही. १९२०, १९२१ आणि १९२२ असे सलग तीन चषक उडत्या होड्यांनीच नेले, पहिले दोन इटलीच्या आणि तिसरा इंग्लंडच्या सुपरमरीनने. चित्र पालटलं १९२३ मध्ये इंग्लंडमधल्या काउजला, जेव्हा अमेरिकेचं दोन फ्लोटांचं कर्टिस विमान ताशी २८५ किलोमीटरने गेलं. त्याच काउजला फ्रान्सच्या कॅम्स कंपनीच्या दोन उडत्या होड्या होत्या. एक शर्यत सुरू होण्याआधीच पाण्यावर नांगरलेल्या बोटीला धडकली, दुसरीचं इंजिन वाटेत बिघडलं. धडकणारीचं दुखणं हवेतलं नव्हतं, पाण्यावरच्या वळण्याचं होतं.

तर आता तुमचं मॉडेल.

एफबीएच्या तळाला मधोमध एक पायरी असते, इंग्रजीत जिला स्टेप म्हणतात ती. पुढचा तळ सरळ येतो आणि एका ठिकाणी एकदम तुटून वर जातो. ही पायरी कशासाठी, हे नीट कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. घरात एक प्रयोग करा. नळ बारीक धारेने सोडा आणि वरणाच्या पळीची फुगीर पाठ त्या धारेला हळूच टेकवा. धार बाजूला उडायला हवी असं आपल्याला वाटतं, पण ती पळीच्या गोलाईला चिकटून वळते आणि पळीच धारेकडे ओढली जाते. हातात तो ओढा स्पष्ट जाणवतो. होडीच्या गोलसर मागच्या तळाला पाणी असंच चिकटतं आणि शेपटीला खाली धरून ठेवतं. पायरीची धारदार कड पाण्याला तिथेच तोडते. मग मागच्या तळाखाली हवा शिरते आणि होडी फक्त पुढच्या भागावर सरपटते. कड गोल असली तर पाणी वळतं, चिकटतं, आणि मोटर कितीही मोठी बसवा, सुटत नाही.

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या पहिल्या उडत्या होडीला मी एपॉक्सीचे तीन हात दिले, प्रत्येक हातानंतर पॉलिशपेपर मारला, आणि आरशासारखा तळ पाहून खूश झालो. पाण्यावर ती चार सुट्ट्या धावत राहिली, उठली नाही. पाचव्या वेळी एका जुन्या खलाशाने तळावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि पायरीवर थांबून म्हणाला, “इथे नख अडत नाही.” बस, तेवढंच. घासता घासता मी कडेची गोळी करून टाकली होती. कडेला एक मिलिमीटर जाडीची प्लायची पट्टी चिकटवली, तिची मागची धार कोरी ठेवली, आणि त्याच मोटरवर ती त्याच संध्याकाळी उठली. तुम्हीही पहिल्यांदा हेच करा. नख पुढून मागे न्या. पायरीवर ते खटकन सुटलं पाहिजे. तळाच्या दोन्ही बाजूंच्या लांब कडाही अशाच कोऱ्या हव्यात, नाहीतर पाणी बाजूने वर चढतं आणि प्रॉपेलरवर उडतं. ढकलणारा प्रॉपेलर नेमका त्या फवाऱ्याच्या वाटेत असतो, म्हणून फवाऱ्याचे थेंब पात्यावर आदळून त्याची कड खडबडीत झालीय का, तेही बघून घ्या.

पायरीची खोली तळाच्या रुंदीच्या ६ ते ८ टक्के धरा. तुमचा तळ २० सेंटिमीटर रुंद असेल तर १२ ते १६ मिलिमीटर. जुन्या फोटोंवरून आराखडे काढणारे लोक ही खोली हमखास कमी धरतात, कारण बाजूने घेतलेल्या फोटोत ती दिसतच नाही.

दुसरं, सीजी आणि पायरीचं नातं. माझ्या मते तुमच्या उड्यांचं मूळ इथे असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. मॉडेल पूर्ण भरून, बॅटरी जागेवर ठेवून, सीजीच्या खुणेवरून ओळंबा सोडा. तो पायरीच्या थोडा पुढे पडायला हवा. किती पुढे? सीजीपासून पायरीच्या कडेपर्यंत रेषा काढली तर तिने ओळंब्याशी १० ते १५ अंशांचा कोन करावा. तुमचं इंजिन उंचावर असल्यामुळे सीजीही उंच असणार. तो तळापासून १८ सेंटिमीटर वर आहे असं धरलं, तर पायरी ओळंब्याच्या ३ ते ५ सेंटिमीटर मागे येते. पायरी याहून मागे गेली की नाक उचलायला एलिव्हेटरची, म्हणजे आडव्या शेपटीच्या हलत्या पट्टीची, ताकद पुरत नाही. ओळंब्याच्या पुढे आली की शेपूट बसते आणि होडी टाचेवर नाचते.

उड्यांचेही दोन प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून आधी कोणाकडून तरी बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढून घ्या. नाक खाली आहे, शेपूट पाण्याच्या बरीच वर आहे आणि नुसता पुढचा तळ आपटतोय, असं दिसलं तर नाक फार खाली आहे. एलिव्हेटर थोडा ओढून धरा, उड्या थांबतील. उलट, नाक आकाशाकडे आहे आणि पायरी व शेपूट आळीपाळीने पाण्यावर आपटतायत, असं दिसलं तर तुम्ही फार ओढताय. एलिव्हेटर सोडा. बहुतेक जण घाबरून ओढतात, त्यामुळे पहिल्या प्रकारातून थेट दुसऱ्यात जातात आणि त्यांना ती एकच सलग उडी वाटते. उड्या वाढायला लागल्या की त्यांच्या तालात एलिव्हेटर हलवून त्या मारायला जाऊ नका. हात नेहमी अर्धा ठोका उशिरा पडतो आणि उडी मोठी होते. थ्रॉटल बंद करा, थांबा, पुन्हा सुरुवात करा.

तुम्हाला बहुधा पहिलाच प्रकार भोवतोय, आणि त्याला मूळ डिझाइन कारण आहे. इंजिन सीजीच्या बरंच वर असल्यामुळे थ्रॉटल उघडला की जोर नाकाला खाली दाबतो. होडी आधीच पुढच्या तळावर, त्यात वरून हा रेटा. आता विचार करा, मोठी मोटर बसवली तर काय होईल? तोच रेटा वाढेल. मोटरचा कोन बदलूनही फार साधत नाही, कारण मोटर जवळजवळ सीजीच्या माथ्यावरच आहे. तिरकी केली तरी तिची रेषा सीजीपासून तेवढीच दूर राहते. उपयोगी पडतात त्या दोन गोष्टी. एक, आडवी शेपूट प्रॉपेलरच्या झोतात येऊ द्या आणि तिला पुढच्या कडेने एक-दोन अंश खाली झुकवा, म्हणजे जोर वाढला की झोतच शेपूट खाली दाबेल. दोन, थ्रॉटल सावकाश उघडा आणि ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटलबरोबर थोडा अप एलिव्हेटर मिसळून ठेवा. बुरींच्या हातात हे सुख नव्हतं. मोनोसुपापला आजच्यासारखा थ्रॉटल नव्हता. वैमानिक इंधन आणि इग्निशन बंद-चालू करून काम भागवत. पाण्यावर ब्रेकही नसतो, इंजिन सुरू झालं की होडी निघालीच. अशा यंत्राला बंदरातल्या बोटींच्या गर्दीतून बाहेर काढणं हे मला शर्यतीहून अवघड वाटतं.

आता जोराचा हिशेब, म्हणजे मोटरचा विषय मनातून जाईल. पाण्यावरून सुटताना सर्वांत जास्त विरोध मधल्या वेगाला येतो, होडी पाण्यात बसलेली असते तिथून ती वर चढून सरपटायला लागते त्या टप्प्यावर. मॉडेलवाले याला ‘हंप’ म्हणतात. बऱ्या आकाराच्या तळाला तिथे वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढा विरोध येतो. तुमचे ५.२ किलो धरले तर जास्तीत जास्त १.३ किलो. तुमच्याकडे जागेवर ३ किलो आहे. वेगात तो कमी होतो हे धरूनही भरपूर उरतो. शिवाय तुमचं मॉडेल उड्या मारतंय, म्हणजे हंप ते पार करतंयच. जोर नसता तर ते नाक वर करून पाणी ढकलत बसलं असतं, त्याने उडी मारलीच नसती.

वजनाकडे मात्र बघा. १/६ मापात वजन २१६ पटींनी उतरतं. मूळ यंत्र भरल्यावर ९०० किलोचं धरलं तर मॉडेल ४.२ किलोच्या आत यायला हवं. तुमचे ५.२ किलो म्हणजे मूळ यंत्राच्या भाषेत ११२० किलो, जणू बुरींच्या मागे आणखी तीन माणसं बसवली. त्यामुळे सुटायला लागणारा वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो, आणि उड्यांचा त्रास नेमका त्या वरच्या वेगात असतो. हे वजन बहुधा फायबरच्या जाड थरात असेल. पायरीच्या मागच्या भागात इतक्या जाडीची गरज नाही. तिथे आतून घासून काढता आलं तर दुहेरी फायदा आहे, कारण शेपटीतला एक ग्रॅम वाचला की नाकातलं दोन-तीन ग्रॅम शिसं वाचतं.

पंखांच्या टोकांखालच्या छोट्या फ्लोटांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, तरी सांगतो. आपल्याकडे होडी कलंडू नये म्हणून तिच्या बाजूला उलांडी, म्हणजे तरंगतं लाकूड, असते तेच त्यांचं काम. उलांडी शांत पाण्यात जेमतेम टेकलेली असावी, बुडालेली नसावी. तुमचे दोन्ही फ्लोट एकाच वेळी पाण्यात रुतत असतील तर ते ब्रेक लावतायत. थोडे वर घ्या आणि पुढच्या टोकाने दोन-तीन अंश उचलून बसवा, नाहीतर वेगात ते पाण्याखाली घुसतात आणि मॉडेल गर्रकन फिरतं.

काम या क्रमाने करा: आधी नखाची परीक्षा आणि कडा, मग ओळंबा, मग उलांडीचे फ्लोट, मग व्हिडिओ. एका फेरीत एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. सकाळी लवकर जा, पण पाणी अगदी काचेसारखं सपाट असेल तर थोडी झुळूक येईपर्यंत थांबा. सपाट पाणी तळाला जास्त चिकटतं. बारीक लहरी असल्या की तळाखाली हवा शिरते आणि होडी सुटायला मदत होते. मोटर तीच राहू द्या. ओळंबा पायरीच्या किती पुढे पडला तो आकडा आणि बाजूने काढलेला व्हिडिओ मला पाठवा, म्हणजे शेपटीचा कोन किती ठेवायचा ते नेमकं सांगता येईल.